रेअर अर्थाचा अर्थ

‘रेअर अर्थ फंड’ या नावात तीन शब्द आहेत आणि त्यांतला भरवशाचा शब्द फक्त शेवटचा आहे. पहिला शब्द ‘रेअर’. या कुळातलं सेरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकं आहे, आणि मोडीत घातलेल्या तांब्याच्या बंबाला आजवर कोणी दुर्मिळ म्हटलेलं नाही. किरणोत्सर्गी प्रोमेथियम सोडलं, तर या कुळातली सर्वांत विरळ भावंडंसुद्धा सोन्याच्या मानाने कितीतरी जास्त आहेत. दुसरा शब्द ‘अर्थ’. हे सगळे धातू आहेत, माती नव्हे. पण जुने रसायनशास्त्रज्ञ तापवूनही न बदलणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या भुकटीला ‘अर्थ’ म्हणत, आणि हे धातू त्यांना प्रथम तशा भुकटीच्या रूपात भेटले. मराठीत त्याचं इमानदारीने ‘दुर्मिळ मृदा’ झालं, त्यामुळे हा फंड मृद व जलसंधारण विभागाने काढला असावा असं कोणालाही वाटेल. देवनागरीत तर पंचाईत आणखी वाढते. इथे ‘अर्थ’ म्हणजे पैसाही आणि ‘अर्थ’ म्हणजे मतलबही, आणि अशा फंडात दोन्ही दुर्मिळ असण्याची शक्यता नाकारता येत नाही. माझं म्हणणं असं की रेअर अर्थ फंड घेणारा माणूस रेअर अर्थ विकत घेतच नाही. तो बातमी विकत घेतो, तीही छापून झाल्यावर. आणि हे त्याला कोणी लपवून ठेवलेलं नसतं. फंडाच्या ‘प्रकारा’च्या रकान्यात ते स्वच्छ लिहिलेलं असतं. पण लग्नपत्रिकेत जसं आपण वधूवरांची नावं वाचतो आणि ‘आहेर आणू नये’ ही ओळ सोडून देतो, तसं फंडाचं नाव वाचलं जातं आणि प्रकार राहून जातो.

आधी या घराण्याची ओळख करून घ्यायला हवी, कारण गुंतवणूकदार ज्यांच्या इस्टेटीत वाटा मागतो आहे त्यांची नावं त्याला सहसा येत नाहीत. एकूण सतरा मूलद्रव्यं: लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा, शिवाय स्कँडियम आणि यट्रिअम. १७८७ मध्ये स्वीडनमधल्या इटर्बी नावाच्या खेड्याजवळच्या खाणीत कार्ल आक्सेल आरेनियस या लष्करी अधिकाऱ्याला एक जड काळा दगड सापडला. त्या एका दगडातून आणि त्याच्या भाऊबंदांतून पुढच्या शतकभरात इतकी नवी मूलद्रव्यं निघाली, की नावं पुरेनात. मग यट्रिअम, टर्बिअम, अर्बिअम आणि यटर्बिअम अशी चार नावं त्या एकाच खेड्यावरून पडली. आपल्याकडे चौघेही सरळ ‘इटर्बीकर’ झाले असते. तिथे मात्र वडिलोपार्जित नावाचीच वाटणी करून प्रत्येकाने दोन-दोन अक्षरं घेतली. मोसांडर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने लँथॅनमच्या सोबत्याला ‘डिडिमियम’, म्हणजे जुळं, असं नाव दिलं. चाळीसेक वर्षं ते एक मूलद्रव्य म्हणून सुखाने नांदलं. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने दाखवून दिलं, की हे खरोखरच जुळं आहे, आत दोघं बसले आहेत. त्यांची नावं निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम. पुढच्याच वर्षी सापडलेल्या एकाचं नाव डिस्प्रोसियम. ग्रीकमध्ये याचा अर्थ ‘हाती लागायला कठीण’. ही नावं शास्त्रज्ञांनी वैतागून ठेवलेली आहेत. हे धातू रासायनिक स्वभावाने एकमेकांसारखे इतके, की ते सापडणं कठीण नसतं, त्यांना एकमेकांपासून सोडवणं कठीण असतं. सामायिक सातबारा ज्याने पाहिला आहे त्याला हे अधिक समजावून सांगायची गरज नाही.

आता फंडाकडे वळू. या नावाचा जगातला सर्वांत परिचित फंड व्हॅनएक कंपनीचा. न्यूयॉर्कच्या बाजारात तो ‘आरईएमएक्स’ या खुणेने ओळखला जातो. त्याचं पूर्ण नाव ‘रेअर अर्थ आणि स्ट्रॅटेजिक मेटल्स ईटीएफ’. या नावातला सर्वांत कष्टाळू शब्द ‘आणि’ हा आहे. लग्नपत्रिकेवरच्या ‘सहकुटुंब सहपरिवार’मध्ये जितकी माणसं मावतात, तितके धातू या ‘आणि’मध्ये मावतात: लिथियम, टंगस्टन, टायटॅनियम, मॉलिब्डेनम. अलीकडच्या वर्षांत त्याच्या यादीत ऑस्ट्रेलियाची लायनस आणि अमेरिकेची एमपी मटेरियल्स या अस्सल रेअर अर्थवाल्या कंपन्या आहेत हे खरं. पण शेजारीच लिथियम विकणारी ऑल्बमार्ल आहे आणि चिलीची एसक्यूएम आहे. लिथियम या सतरा जणांच्या कुळातला नाही, लांबच्या नात्यातलाही नाही. आणि एसक्यूएम लिथियमखेरीज आयोडीन व खतंही विकते. म्हणजे मृदेशी संबंध आला म्हणायचा, पण शेतकऱ्याच्या बाजूने. यात लबाडी काहीच नाही. अमेरिकेत नियम असा, की फंडाच्या नावातून जे सूचित होतं त्यातच किमान ८० टक्के पैसा गेला पाहिजे. आपल्या सेबीचा थीमॅटिक फंडांसाठीचा आकडाही ८० टक्केच आहे. नावात ‘आणि’ घातलं, की दोन्ही बाजू मिळून ऐंशी भरतात आणि नियम तंतोतंत पाळला जातो. हा नियम स्वयंपाकघरात लागू केला, तर कोथिंबीर वडी पहिल्याच तपासणीत नापास होईल. तिचं नाव ‘कोथिंबीर आणि बेसन वडी’ करावं लागेल. बटाटेवडा बहुधा पास होईल. गंमत अशी, की कोथिंबीर वडी खाणाऱ्याला आत बेसन आहे हे ठाऊक असतं आणि त्याला ते हवंही असतं. रेअर अर्थ फंड घेणाऱ्याला मात्र कोथिंबिरीचा वास येतो, बेसन त्याच्या गावीही नसतं, आणि लिथियमचे भाव पडले की आपली वडी का बसली हे त्याला कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, कंपन्यांची भानगडच नको, सोन्याचा ईटीएफ असतो तसा धातूचाच घ्यावा. इथे फंडाचा प्रकार समजून घेण्याचा पहिला खरा फायदा होतो. गोल्ड ईटीएफच्या मागे कुठेतरी तिजोरीत सोनं असतं. सोनं कुजत नाही, गंजत नाही आणि त्याचा भाव जगभर क्षणाक्षणाला जाहीर असतो. निओडिमियमचं तसं नाही. तो उघड्या हवेत ठेवला की काळवंडतो, पापुद्रे सुटून झिजत जातो. म्हणून प्रयोगशाळेत त्याला तेलात बुडवून ठेवतात. म्हणजे गुंतवणूकदाराने धातूच घ्यायचा हट्ट धरला, तर तिजोरी नव्हे, लोणच्याची बरणी लागेल. युरोपियम तर या सगळ्यांत नाजूक, हवा लागली की लगेच रुसणारा. शिवाय भाव कोणाला विचारायचा? सोन्या-चांदीसारखा खुला, खोल बाजार या धातूंना नाही. बरेचसे सौदे विकणारा आणि घेणारा यांच्यात परस्पर होतात, आणि जगाला कळणारे आकडे मुख्यतः चीनमधल्या व्यवहारांवरून निघतात. म्हणून रेअर अर्थ फंड हा नावाने धातूचा असला तरी प्रकाराने इक्विटी फंड असतो. त्यात धातू नसतो. धातू खणणाऱ्या, खणू पाहणाऱ्या आणि ‘खणण्याचा विचार आहे’ असं शेअर बाजाराला कळवणाऱ्या कंपन्यांचे समभाग असतात. त्या कंपनीचं कर्ज, तिचा संचालक, तिच्या खाणीतलं पाणी, तिथल्या सरकारची मर्जी हे सगळं त्या समभागाबरोबर घरी येतं. सून आणताना जसं माहेर येतं, तसं.

प्रकारांचं हे प्रकरण आपल्याकडे सेबीने ६ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने मार्गी लावायचा प्रयत्न केला. त्याआधी प्रत्येक फंड कंपनीकडे ‘ग्रोथ’, ‘ऑपॉर्च्युनिटीज’, ‘प्रायमा’, ‘टॉप’ अशा नावांच्या दहा-दहा योजना असत. त्यांतला फरक काढणारा भाषाशास्त्रज्ञ जन्माला यायचा होता. सेबीने पाच गट आणि ३६ खाने आखले. लार्ज कॅपवाल्याने ८० टक्के पैसा बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांत लावायचा. मिड कॅपवाल्याने ६५ टक्के १०१ ते २५० या क्रमांकांत. स्मॉल कॅपवाल्याने त्याखाली. फोकस्ड फंडाने ३० हून जास्त समभाग घ्यायचे नाहीत. कर वाचवणाऱ्या ईएलएसएसला तीन वर्षांचं कुलूप. आणि मुख्य म्हणजे एका खान्यात एका कंपनीची एकच योजना. ही शिस्त इतकी कडक होती, की तीतून पळवाट निघणं अटळ होतं, आणि ती सेबीनेच ठेवली होती: इंडेक्स फंड, ईटीएफ, फंड ऑफ फंड्स आणि सेक्टोरल-थीमॅटिक यांना ‘एकच’ची अट नाही. ज्या घरात मुख्य दारातून दुसरी बाई आणायला बंदी आहे, तिथे मागच्या दाराला मात्र कडी नाही, असा हा प्रकार. मग नव्या योजना कुठून निघणार? लार्ज कॅप दुसरा काढता येत नाही, पण कन्झम्प्शन काढता येतो, मॅन्युफॅक्चरिंग काढता येतो, डिफेन्स, ईव्ही, इनोव्हेशन, क्वांट, बिझनेस सायकल काढता येतो. २०२४ मध्ये इक्विटी फंडांत आलेल्या पैशाचा सर्वांत मोठा लोंढा याच खान्यात गेला. थीम ही गुंतवणूकदाराची गरज म्हणून जन्मते असं आपण समजतो. बऱ्याचदा ती परिपत्रकाची गरज म्हणून जन्मते.

आणि थीम जन्मते तीही मुहूर्त पाहून, फक्त तो मुहूर्त उलटा असतो. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळ एक चिनी मासेमारी बोट जपानच्या तटरक्षक नौकांना धडकली. जपानने कप्तानाला अटक केली. पाठोपाठ जपानला जाणारे चिनी रेअर अर्थ अडले. जगाच्या वृत्तपत्रांना एका रात्रीत डिस्प्रोसियमचं स्पेलिंग आलं. व्हॅनएकचा तो ईटीएफ बाजारात आला ऑक्टोबर २०१० मध्ये. बातमी आणि फंड यांच्यात जेमतेम महिन्याचं अंतर. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीची मालक मॉलिकॉर्प त्याच वर्षी जुलैत १४ डॉलरने शेअर बाजारात उतरली होती. वर्षाच्या आत तिचा समभाग ७० डॉलरच्या वर गेला. २०११ च्या मध्यापासून धातूंचे भाव कोसळू लागले, कारण ते इतके वाढले होते की वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, जुनं गाळून पुन्हा वापरलं आणि दुसरे पर्याय शोधले. जून २०१५ मध्ये मॉलिकॉर्पने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या ईटीएफमध्ये २०११ च्या शिखरावर ज्याने पैसे घातले, त्याच्या पैशाचं २०१६ च्या सुरुवातीपर्यंत पार भुस्कट झालं. हे एका फंडाचं दुर्दैव म्हणून सोडून देता आलं असतं. पण बेन-डेव्हिड, फ्रान्झोनी, किम आणि मुसावी या चार अभ्यासकांनी अमेरिकेतल्या शेकडो खास विषयांच्या ईटीएफचा हिशेब मांडला आणि २०२३ मध्ये तो ‘रिव्ह्यू ऑफ फायनान्शियल स्टडीज’मध्ये छापून आला. त्यांचा निष्कर्ष असा, की असे फंड निघण्याआधी त्यांतले समभाग खूप वाढलेले असतात, माध्यमांत गाजत असतात; आणि फंड निघाल्यानंतरच्या वर्षांत, जोखीम धरून हिशेब केला तर, ते वर्षाला सुमारे ६ टक्क्यांनी मागे पडतात. म्हणजे गुंतवणूकदार पंगतीला बसतो तेव्हा वाढपी शेवटचा भात घेऊन निघालेले असतात. आणि हा अभ्यास विद्वत्तापूर्ण असला तरी त्यातलं सत्य आपल्या रद्दीवाल्याला फार आधीपासून ठाऊक आहे: सकाळी सात वाजता जी बातमी पाच-सहा रुपयांची असते, तिचा भाव दुसऱ्या दिवशी किलोवर लागतो.

पहिला आक्षेप येतो तो गरजेचा. वीजगाड्या, पवनचक्क्या, क्षेपणास्त्रं, मोबाइलचा कंप पावणारा तुकडा, सगळीकडे निओडिमियमचे चुंबक आहेत. मग मागणी कशी थांबेल? हा आक्षेप पोकळ नाही. २०२५ च्या पावसाळ्यात चीनच्या निर्बंधांमुळे चुंबक मिळेनात, तेव्हा आकुर्डीच्या बजाज ऑटोला इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन घटवावं लागलं. अख्खी स्कूटर तयार आणि ओंजळीत मावतील एवढ्या चुंबकांसाठी खोळंबलेली, हे चित्र गरज सिद्ध करायला पुरेसं आहे. पण गरज आणि नफा ही दोन वेगळी माणसं आहेत, एकाच आडनावाची. मिठावाचून स्वयंपाक अळणी होतो, म्हणून कोणी पगार मिठागरात गुंतवत नाही. जी वस्तू थोडी लागते, पण नसली तर सगळंच अडतं, तिच्याबद्दल सरकारं काळजी करतात, साठे करतात, अनुदानं देतात, आणि कारखान्यातले इंजिनिअर ती वगळण्याच्या मागे लागतात. होंडाने डायडो स्टीलबरोबर २०१६ मध्ये डिस्प्रोसियमसारखे ‘जड’ रेअर अर्थ न वापरता हायब्रिड गाडीच्या मोटरचे चुंबक तयार केले. मार्च २०२३ मध्ये टेस्लाने जाहीर केलं, की आमच्या पुढच्या मोटरीत रेअर अर्थ मुळीच नसतील. ती मोटर कधी येईल ते येवो, पण एमपी मटेरियल्सचा समभाग त्याच वेळी पडला. ज्या मालाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक रात्रंदिवस ‘हा माल कसा लागणार नाही’ याचाच अभ्यास करत असतं, त्याच्या धंद्यात सोनं आहे असं म्हणताना जरा अडखळायला हवं.

त्यातून या धंद्याची आतली अडचण वेगळीच आहे, आणि ती समजायला दिवाळीचा चिवडा पुरतो. मोनाझाइट किंवा बॅस्टनेसाइट ही खनिजं फोडली, की कुळातले बहुतेक जण एकदम बाहेर येतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. सेरियम आणि लँथॅनम म्हणजे पोहे: ढिगाने. निओडिमियम म्हणजे शेंगदाणे. डिस्प्रोसियम आणि टर्बिअम म्हणजे काजू: बोटाने शोधावे लागतात. बाजाराला शेंगदाणे आणि काजू हवे असतात. पण पोहे न परतता काजू मिळण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही, त्यामुळे जितकी काजूंची मागणी वाढते तितका उरलेल्या पोह्यांचा ढीग वाढतो आणि सेरियमचा भाव पडून राहतो. या व्यवसायातले लोक याला ‘समतोलाचा प्रश्न’ म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘पाहुणे डबा हलवून गेले’ म्हणतात. आणि काजू कोणता हेसुद्धा कायमचं ठरलेलं नाही. त्याच वेल्सबाखने गॅसबत्तीचं मेंटल बनवलं, तेच, जे वरातीच्या डोक्यावरच्या बत्त्यांत फुलासारखं पेटायचं आणि बोट लागलं की राख व्हायचं. त्यात ९९ टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि एक टक्का सेरियमचं. त्या काळी मोनाझाइटमधला काजू थोरियम होता, केरळच्या किनाऱ्यावरची वाळू युरोपात जायची ती त्यासाठी, आणि बाकीच्या रेअर अर्थांचं करायचं काय हा प्रश्न होता. वेल्सबाखनेच मग उरलेल्या सेरियममध्ये लोखंड मिसळून लायटरचा ‘दगड’ केला. कोंड्याचा मांडा करणारा असा उद्योजक विरळा. पुढे १९६० च्या दशकात रंगीत टीव्हीच्या लाल रंगासाठी युरोपियम लागू लागलं आणि माउंटन पासची भरभराट झाली ती मुख्यतः त्याच्यावर. जाड काचेचे टीव्ही गेले, ट्यूबलाइटी गेल्या, आणि युरोपियम पुन्हा पोह्यांत जाऊन बसलं. आज निओडिमियमची पाळी आहे. फंड मात्र सर्वांनाच एका नावाखाली विकतो, जणू अख्खा डबा काजूंचा आहे.

दुसरा आक्षेप ताजा आहे आणि तो घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर नफा असतो: २०२५ मध्ये हे सगळे समभाग उडाले, त्याचं काय? उडाले, हे खरं. वर्षाच्या सुरुवातीला एमपी मटेरियल्स पंधरा-सोळा डॉलरच्या आसपास होती आणि ऑक्टोबरात शंभराच्या उंबरठ्यावर जाऊन आली. पण का उडाले ते तारखांवरून पाहावं. ४ एप्रिलला चीनने समेरियम, गॅडोलिनियम, टर्बिअम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यट्रिअम या सात जणांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. जुलैत अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एमपीत ४० कोटी डॉलर घालून सर्वांत मोठा भागधारक होण्याची तयारी केली आणि निओडिमियम-प्रेसिओडिमियमला किलोमागे ११० डॉलरचा किमान भाव दहा वर्षांसाठी कबूल केला. किमान हमीभाव! उसाचा आणि कापसाचा असतो तसा. मुक्त बाजाराच्या माहेरघरात खाणीला हमीभाव मिळाला, आणि इकडे आपण त्याला भूगर्भातली संपत्ती समजून बसलो. ऑक्टोबरात चीनने आणखी कडक नियम काढले, नोव्हेंबरात ते वर्षभरासाठी स्थगित केले. यातल्या एकाही दिवशी जमिनीखालचा साठा कमी-जास्त झाला नव्हता. जगाच्या २०२४ च्या सुमारे ३ लाख ९० हजार टन उत्पादनात चीनचा वाटा २ लाख ७० हजार टनांचा, आणि शुद्धीकरणात त्याहूनही मोठा. म्हणजे या फंडाचा खरा व्यवस्थापक न्यूयॉर्कमध्ये बसत नाही. तो बीजिंगमधल्या वाणिज्य मंत्रालयात बसतो आणि त्याचं शुल्क खर्चाच्या गुणोत्तरात दाखवलेलं नसतं. आणि २०२५ ची ती झेप धरूनही त्या जुन्या ईटीएफला २०११ चं शिखर अजून दुर्बिणीतूनच पाहावं लागत होतं.

तिसरा आक्षेप सौम्य आणि म्हणून जास्त धोक्याचा: थोडेसेच घालू, एसआयपीने घालू, दीर्घ मुदतीसाठी घालू. ‘थोडेसेच’वर माझा काही वाद नाही. ताटात लोणचं असतंच, आणि या धातूचं तेलाशी असलेलं नातं आपण वर पाहिलं आहे. पण एसआयपीचं गणित ज्या बाजारावर उभं आहे तो एकूण बाजार आहे: काही कंपन्या मरतात, काही उगवतात, निर्देशांक मेलेल्यांना काढून उगवलेल्यांना घेतो आणि पुढे सरकतो. एका थीमच्या डब्यात ही सोय नसते. फंडाला थीम सोडून जाता येत नाही, कारण ऐंशी टक्क्यांचं लग्न लागलेलं असतं. फ्लेक्सी कॅपचा व्यवस्थापक लिथियमचा कंटाळा आला तर बँकांकडे जाऊ शकतो. थीमॅटिकवाल्याला त्याच घरात वाद घालत राहावं लागतं. ‘एनएफओ, म्हणजे नवा फंड, दहा रुपयाला मिळतोय, स्वस्त आहे’ या विचाराबद्दल तर इतकंच, की दहा रुपयांच्या युनिटमागे दहा रुपयांचेच समभाग असतात. बारा तुकडे केले म्हणून पोळी मोठी होत नाही. आणि भारतात बसून परदेशी ईटीएफ घ्यायचा, तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात, पण रुपया-डॉलरची चढउतार, पैसे पाठवण्याचा खर्च आणि कराचा कागद हेही त्या वडीच्या बेसनात मिसळतात. फंड ऑफ फंड्सच्या वाटेने गेलं तर शुल्क दोन ठिकाणी. देवळाबाहेर चपला ठेवायचे पैसे आणि आत दक्षिणा.

म्हणून कोणाला वाटेल, परदेश कशाला, आपल्याच देशाचा रेअर अर्थ फंड का नसावा? अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या हिशेबाने भारताकडे सुमारे ६९ लाख टनांचा साठा आहे, चीन आणि ब्राझीलनंतर तिसरा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकांचे कारखाने उभारण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन चुंबकांसाठी. बातमी आली, की बाजारात शोध सुरू होतो आणि तो सापडेल त्याच्यावर थांबतो. गुजरातेत लिग्नाइट विकणाऱ्या एका सरकारी कंपनीकडे अंबाडुंगरचा रेअर अर्थ साठा आहे म्हटल्यावर तिचा समभाग वर्षानुवर्षांचा कोळसा झटकून उठला. पण फंड काढायचा तर ८० टक्के पैसा लावायला कंपन्या पाहिजेत. आपल्याकडे हे काम १९५० पासून करणारी कंपनी आहे आयआरईएल, पूर्वीची इंडियन रेअर अर्थ्स. मोनाझाइटमध्ये थोरियम असतं, म्हणून हा सगळा कारभार अणुऊर्जा खात्याखाली. कंपनी पूर्ण सरकारी आणि शेअर बाजारात तिची नोंदणीच नाही. म्हणजे कोथिंबिरीची एकच जुडी, आणि ती विकायला ठेवलेलीच नाही.

आयआरईएलचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे, वीर सावरकर मार्गावर, सिद्धिविनायक मंदिरासमोर. चवरा, मनवलकुरिची आणि छत्रपूरच्या वाळूचा कारभार तिथून चालतो. मंगळवारी पहाटेपासून समोर रांग लागते. त्या रांगेत कोणी ना कोणी मोबाइलवर ‘रेअर अर्थ फंड इंडिया’ शोधत असणार, आणि समोरच्या इमारतीकडे त्याचं लक्षही जात नसणार. त्या इमारतीतल्या धंद्याचा तो भारताचा नागरिक म्हणून आधीपासूनच भागीदार आहे. डीमॅट लागत नाही, खर्चाचं गुणोत्तर नाही, एक्झिट लोड नाही. एक्झिटही नाही.